भिजल्यानंतरचा कपडा

शाळा-कॉलेजांतल्या मुलांची डोंगरातली शिबिरं घेणं हे माझं काम आहे. निघण्याआधी दोर, हार्नेस, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं आम्ही तपासतोच. पण तितक्याच काळजीनं मी एक साधा कागद तयार करते. पालकांना पाठवायची कपड्यांची यादी. एखादं मूल पावसातला दिवस मजेत काढेल की कुडकुडत, हे बऱ्याच अंशी त्या यादीवर ठरतं. काही घरांत तर ती वाचूनच मुलाला पाठवायचं की नाही हे ठरतं. म्हणून तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण असावं, असा माझा आग्रह असतो. ती कारणं मला सापडली पायथ्याच्या गावांतल्या अंगणांत, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांवर आणि संध्याकाळी दमून परतलेल्या माणसांच्या अंगावर.

दुकानात आपण कपडा कोरडा बघतो. त्यावरून हात फिरवतो, आरशात पाहतो, किंमत विचारतो. डोंगरात तोच कपडा बहुतेक वेळ ओला असतो. पावसानं, नाहीतर घामानं. म्हणून कपडा हातात घेतल्यावर मी आधी एवढंच विचारते: भिजल्यावर हा कसा वागेल? किती पाणी धरेल, किती जड होईल, अंगाला कसा चिकटेल, किती वेळात वाळेल? टिकाऊपणा आणि आराम या दोन्हींची उत्तरं मला या एका प्रश्नातून मिळत गेली.

सह्याद्रीत राहायचं तर हा प्रश्न टाळताच येत नाही. जुलै-ऑगस्टात घाटमाथ्यावर एका दिवसात 200 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तरी कुणाला नवल वाटत नाही. ताम्हिणी, भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली या पट्ट्यात त्या दिवसांत हवा इतकी दमट असते की पडवीत वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो. गंमत अशी, की थर्मामीटर बघितला तर थंडी दिसत नाही. पायथ्याला तेवीस-चोवीस अंश असतात, मुलं अर्ध्या बाह्यांत बागडत असतात. पण दर हजार मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरवर आहे. तिथल्या उघड्या धारेवर वारा लागला आणि अंगावरचा कपडा चिंब असला, की हाच पावसाळा जिवावर बेतू शकतो.

याचं कारण समजून घ्यायला शाळेतलं विज्ञान पुरतं. कोरडा कपडा ऊब देतो ती धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. कपडा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. पुढे ते पाणी अंगावरच वाळू लागलं, तर एका लिटरमागे सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि त्यातली बरीचशी आपलं शरीरच पुरवतं. दिवसभर चालून, अर्धवट जेवून दमलेल्या मुलाच्या शरीराजवळ एवढी शिल्लक असतेच असं नाही.

एका पावसाळी शिबिरात हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना माझ्या गटात कॉलेजातला एक मुलगा होता. जाड जीन्स, सुती टीशर्ट, वर सुती हुडी. सकाळी सगळ्यांत जास्त बडबड त्याचीच चालली होती. दुपारनंतर तो गप्प झाला, मागे पडू लागला. मी त्याला गोळी दिली, तर त्याला वेष्टन सोडवता येईना. बोटं जुळतच नव्हती. एवढी खूण पुरेशी होती. कातळाच्या पोटाशी कोरडी जागा बघून आम्ही थांबलो, ओले कपडे उतरवले, कोरडा जोड घातला, भोवती ब्लँकेट गुंडाळलं आणि थर्मासमधला गूळ घातलेला चहा घोट घोट पाजला. अर्ध्या तासात तो पुन्हा बोलायला लागला. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्या रेषेच्या अलीकडेच आम्ही त्याला गाठलं होतं. त्या दिवशी बर्फ नव्हता, गाराही पडल्या नव्हत्या. आपला ओळखीचा श्रावणातला पाऊस होता आणि अंगावर शहरात रोज वापरायचे कपडे होते.

जीन्सबद्दल मी यादीत ठामपणे लिहिते ते याच कारणानं. जीन्स मजबूत असते, याबद्दल वाद नाही; काट्यांना आणि कातळाला ती दाद देत नाही. पण साधारण पाऊण किलोची ती पँट चिंब भिजली की वजन दुपटीच्या घरात जातं. ओलं कापड गुडघ्याला धरून ठेवतं, प्रत्येक पायरीला मांडी उचलताना जोर लावावा लागतो, आणि आतल्या जाड शिवणी मांड्या सोलवटून काढतात. शिवाय ती दुसऱ्या दिवशीही वाळलेली नसते. नुसत्या मजबुतीचा डोंगरात उपयोग नसतो. ज्या कपड्यात पाऊल मोकळं पडत नाही तो माणसाला पाडतो.

कापूस पाणी धरतो तो धाग्याच्या पोटात. नुसत्या दमट हवेतूनसुद्धा तो आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा शोषतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही शोषत नाही. त्यात पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत, आणि पिळलं की बरंचसं निघून जातं. खेळाच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारी फुटबॉलची जर्सी पावसाळी ट्रेकला उत्तम चालते ती एवढ्यासाठी. तिला दोष आहेत. एका दिवसात घामाचा वास धरते, उन्हात चिकचिक वाटते, विस्तवाजवळ चालत नाही. पण ओली असतानाही ती अंगावर लोंबत नाही आणि वाऱ्यावर अर्ध्या तासात हलकी होते. पँटसाठीही हाच हिशेब. आजोबांच्या कपाटातली टेरिकॉटची ढगळ पँट, तिच्यातल्या पॉलिएस्टरमुळे, महागड्या दुकानातल्या ट्रेकिंग पँटच्या बरीच जवळ जाते. पायथ्याच्या गावांतली कितीतरी वडीलधारी माणसं तशीच पँट दुमडून शेतात आणि रानात वावरताना दिसतात.

आणि मग लोकर. तिची गोष्ट मला पुस्तकाआधी धनगरवाड्यावर कळली. ऐन पावसात मेंढरांमागे उभा राहणारा माणूस डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतो आणि तासन्‌तास तसाच उभा असतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते. पण तिच्या बाहेरच्या केसांवरून पाणी निथळून जातं. सणगर मंडळी खड्डामागावर घोंगडी विणतात, सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं वीण आणखी घट्ट बसते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिचे कुरळे तंतू थोडी हवा धरून ठेवतात. म्हणून ओली घोंगडी जड वाटते, पण ओल्या चादरीसारखी गार पडत नाही. घोंगडी सॅकमध्ये मावत नाही, एवढीच तिची अडचण. तिच्यातलं तत्त्व मात्र आम्ही यादीत घेतलं आहे: आजीनं विणलेला लोकरीचा पातळ स्वेटर सुती हुडीपेक्षा कधीही चांगला.

भातलावणीच्या दिवसांत मावळात, कोकणात बायका पाठीवर इरलं घेऊन वाकलेल्या असतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, हल्ली बऱ्याचदा प्लास्टिक. वरून पाऊस अडतो आणि खालून वारा खेळतो. रेनकोट निवडताना मला इरल्याची आठवण होतेच, कारण रेनकोटाचा खरा प्रश्न आतल्या बाजूचा असतो. जाड प्लास्टिकच्या रेनकोटात चढ चढून बघा; तासाभरात आतला शर्ट बाहेरच्या पावसाइतकाच ओला होतो. हे घामाचं पाणी.

वाफ बाहेर सोडणारं आणि पाणी अडवणारं कापड या अडचणीवर उपाय म्हणून आलं. बॉब गोर यांनी 1969 मध्ये ताणलेल्या टेफ्लॉनचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला आणि 1976 मध्ये गोर-टेक्स कापड बाजारात आलं. आज त्याच जातीचे अनेक पापुद्रे निरनिराळ्या किमतींत मिळतात. जॅकेटच्या पट्टीवर 5,000 किंवा 10,000 मिलिमीटर असा आकडा असतो. म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं. सॅकच्या पट्ट्याखाली दाब वाढतो, म्हणून तिथे हा आकडा महत्त्वाचा ठरतो. पण अशा कापडातून वाफ बाहेर जाते ती आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कमी दमट असते तेव्हा. सह्याद्रीतल्या जुलैत बाहेरची हवाही काठोकाठ भरलेली. अशा वेळी महाग पापुद्र्यालाही फारसं काही करता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या पावसासाठी मी पालकांना सांगते की काखेखाली चेन किंवा जाळी असलेला, दोन मापं ढगळ, हलका रेनकोट घ्या. चालताना मूल थोडं भिजेल, भिजू दे. चालतं शरीर गरम असतं. वारा अडला पाहिजे आणि थांबल्यावर कोरडं होता आलं पाहिजे.

पोंचोबद्दल मी फार सावध आहे. सपाटीवर तो सोयीचा, सॅकसकट अंग झाकतो. पण कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर किंवा हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर वाऱ्यानं फुगलेला पोंचो पावलाखाली येतो, पुढची पायरी झाकून टाकतो. अशा ठिकाणी चढण्याआधी आम्ही सगळ्यांचे पोंचो काढून सॅकमध्ये ठेवायला लावतो. ओढणी, गळ्यातला मफलर, कमरेला गुंडाळलेला शर्ट यांनाही तोच नियम.

एवढं सगळं सांगितल्यावर कुणाला वाटेल की मला सुती कपडा नको आहे. एप्रिल-मे महिन्यांत मी नेमकं उलटं सांगते. बागलाणातला साल्हेर 1567 मीटर उंच, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. उन्हाळ्यात तिथे जा, वाटेत सावली शोधावी लागते आणि कातळ भट्टीसारखा तापलेला असतो. त्या कोरड्या उन्हात कापसाचा तोच गुण वरदान होतो. घाम धरून ठेवतो, तो हळूहळू उडतो आणि अंग गार राहतं. पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, ढगळ, फिक्या रंगाचा सुती सदरा आणि डोक्याला टोपी किंवा ओला करून बांधलेला पंचा, यापेक्षा चांगला पोशाख मला माहीत नाही. अंगाला चिकटणारा टीशर्ट आणि उघडे दंड दुपारपर्यंत भाजून निघतात. कपड्याला चांगला-वाईट म्हणण्याआधी ऋतू विचारायला हवा, हे मी मुलांना याच दोन टोकांवरून समजावते.

फिक्या रंगाचं आणखी एक कारण आहे. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. गडद रंग आणि उग्र वास माश्यांना डिवचतात, म्हणून काळे कपडे आणि अत्तर, डिओडरंट आम्ही शिबिरात येऊ देत नाही. रानातल्या बारीक जिवांसाठीही पोशाखाचा विचार करावा लागतो. कोयना, चांदोली, आंबोलीच्या ओल्या जंगलात जळवा असतात. घट्ट विणीचे लांब मोजे पँटवरून ओढून घेतले तर त्या सहज आत शिरत नाहीत. 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले, आणि तो आजार पसरतो गोचिडीमार्फत. तेव्हापासून त्या भागात जाताना पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि संध्याकाळी कपड्यांची झाडाझडती हे आम्ही सक्तीचं केलं. फिक्या कापडावर गोचीड दिसते, काळ्यावर दिसत नाही.

कापडाची निवड झाली की राहते शिवण. आराम बहुतेक शिवणीत असतो, आणि फाटतोही कपडा तिथेच. दुकानात पँट घातल्यावर उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. उकिडवं बसावं, एक पाय खुर्चीवर ठेवावा, मांडी घालून बसावं. दोन पायांच्या मध्ये ताण पडला तर पहिल्याच रॉकपॅचला ती पँट उसवणार. चांगल्या पँटला त्या जागी चौकोनी जास्तीचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत. आमच्या भागातले एक शिंपीकाका हा तुकडा साध्या पँटला कमी पैशांत जोडून देतात. गुडघ्याला आतून दुसरं कापड लावतात, खिशांच्या टोकांना आडवे घट्ट टाके घालतात, बाहेरच्या शिवणी दुहेरी करतात. असं केलेली साधी पँट माझ्याकडे बरीच वर्षं टिकली. शर्टाचं बघायचं तर दोन्ही हात वर करावेत. कमरेपासून शर्ट वर आला की सॅकचा पट्टा उघड्या कातडीला घासणार. खांद्यावरची शिवण नेमकी पट्ट्याखाली येत असेल तर दिवसभरात तिथे वळ उठतो.

मुलींच्या कपड्यांवर मी वेगळं बोलते, आणि आईवडिलांसमोर बोलते. लेगिंग्ज हलकी असते, लवकर वाळते, पण घसाऱ्यावर बसून उतरताना कातळ तिला क्षणात फाडतो आणि मग मुलगी उरलेला दिवस अवघडून चालते. वरून ढगळ पँट घालावी. चांगल्या मापाची स्पोर्ट्‌स ब्रा ही चैनीची वस्तू नव्हे. सॅकचे पट्टे आणि घाम यांत तिच्यावाचून काखेखाली सोलवटतं. पाळी येण्याची शक्यता असेल तर थोड्या गडद रंगाची, पण काळी नव्हे अशी पँट, जास्तीच्या दोन निकर आणि बंद होणारी वेगळी पिशवी. पँटला खरे, खोल खिसे असावेत. या गोष्टी यादीत स्पष्ट छापल्या की मुलींना कुजबुजत विचारावं लागत नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या मावश्या कासोटा मारलेल्या नऊवारीत डोक्यावर मोळी घेऊन जो चढ सहज चढतात, तो बघितल्यावर कळतं की बाईच्या पोशाखात पाय मोकळे ठेवण्याची सोय आपल्याकडे आधीपासूनच होती. नव्या कपड्यातही ती सोय मागायला आपण लाजू नये.

पायांबद्दल थोडक्यात सांगते. बुटांवर लोक हजारो रुपये घालतात आणि आत शाळेचे सुती मोजे घालतात. ओला सुती मोजा सुरकुततो आणि त्या सुरकुतीवर फोड येतो. लोकरीचे किंवा नायलॉन मिसळलेले जाडसर मोजे, रोज एक कोरडा जोड, आणि रात्री पाय पुसून उघडे ठेवणं; एवढ्यानं बहुतेक फोड टळतात.

आता मुक्कामाचा कपडा. माझ्या यादीतली सर्वांत कडक ओळ हीच आहे: रात्रीचा एक पूर्ण जोड, मोज्यांसकट, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा आणि तंबूत शिरल्याशिवाय उघडायचा नाही. दिवसा कितीही भिजलात तरी तो घालायचा नाही. सकाळी पुन्हा कालचे ओलसर कपडेच चढवायचे. पहिल्या सकाळी मुलांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसते. दहा मिनिटं चालल्यावर अंग तापतं आणि ती नाराजी विरते. पण त्या रात्रीच्या कोरड्या झोपेनं मूल दुसऱ्या दिवशी ताजं असतं. ही सवय एकदा लागली की पावसाची भीती निम्मी होते, हे मी गटांमागून गटांत पाहिलं आहे.

हिवाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर किंवा भंडारदऱ्याच्या काठावर रात्रीचं तापमान एक आकडी होतं. तेव्हा तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा उपयोगी पडतात: आत घाम ओढणारा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारा. चढायला लागण्याआधी मधला थर काढून ठेवायचा, म्हणजे घामानं तो भिजत नाही. माथ्यावर पोचल्यावर गारठा लागायच्या आत पुन्हा घालायचा. हे काढणं-घालणं कपड्याच्या जातीइतकंच महत्त्वाचं आहे. चुलीजवळ मात्र नायलॉन आणि पॉलिएस्टर लांब ठेवायचे. पॉलिएस्टर साधारण 255-260 अंशांना वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. एका ठिणगीनं जॅकेटला भोक पडतं ते वेगळंच. लोकर ठिणगीनं काळी पडून विझते. स्वयंपाकाच्या जागी आमची मंडळी सुती किंवा लोकरीचेच कपडे घालतात.

मे महिन्यात मराठी घरांतली खूप मुलं हिमालयातल्या शिबिरांना जातात. तिथली हवा कोरडी, म्हणून पिसांचं जॅकेट तिथे सोनं ठरतं. हलकं, दाबलं तर मुठीत मावेल इतकं, आणि फुललं की ऊबदार. तेच जॅकेट सह्याद्रीच्या पावसात आणलं तर पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. थरांची पद्धत मात्र दोन्हीकडे तीच, आणि ती नवी मुळीच नाही. 1924 साली एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकरीचे अनेक पातळ थर होते, वरून गॅबर्डिन. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती करून 2006 मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिल्या, तर त्या हलक्या आणि हालचालीला सोयीच्या निघाल्या. मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो. साधनं बदलली, तरी थर कसे लावावेत ही समज शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांकडेही होती.

टिकाऊपणाबद्दल बोलताना आपण कापडाचा दर्जा बघतो, आणि घरी आल्यानंतरच्या निगेची आठवण राहत नाही. चिखलानं भरलेली सॅक तशीच कोपऱ्यात पडली, तर आपल्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते. रेनकोट ओला घडी घालून ठेवला की आतल्या लेपाचे पापुद्रे सुटतात, आणि मग तो दुरुस्त होत नाही. म्हणून परत आल्याच दिवशी साध्या पाण्यात चिखल काढायचा, सौम्य साबण वापरायचा, कपडे मऊ करणारं द्रावण टाळायचं कारण ते धाग्यावर थर धरून पाणी शोषण्याची वाट बंद करतं, आणि सावलीत वाळवायचं. उसवलेला टाका त्याच आठवड्यात घालायचा. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही मुलांना सुई-दोरा देतो. बटण लावणं, ठिगळ देणं त्यांना येत नसतं. तासाभरात येतं, आणि आपण शिवलेली पँट ती मुलं मोठ्या अभिमानानं मिरवतात.

पैशांचा विषय शेवटी घेते, कारण माझ्या दृष्टीनं तो सगळ्यांत मोठा आहे. एका वर्षी यादी गेल्यावर एका आईचा फोन आला. "ताई, हे सगळं नवीनच घ्यायला लागेल का हो? मग यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पाठवते हिला." आवाजात संकोच होता, आणि मुलीची इच्छा मोडावी लागते याचं दुःखही. मी एकेक वस्तू घेऊन त्यांच्याशी बोलले. शाळेच्या खेळाचा पॉलिएस्टरचा टीशर्ट होता. वडिलांची जुनी टेरिकॉटची पँट होती, ती कमरेत आत घेता येत होती. लोकरीचा स्वेटर होता. प्लास्टिकच्या पिशव्या तर प्रत्येक घरात असतात. विकत घ्यावे लागले ते फक्त मोजे. रेनकोट आमच्याकडचा दिला. ती मुलगी आली आणि तीन दिवस धुवांधार पावसात मनसोक्त हिंडली.

त्यानंतर यादीत प्रत्येक वस्तूसमोर 'घरातलं काय चालेल' हा रकाना आला. आणि आमच्या साहित्याच्या खोलीत एक कपाट उभं राहिलं. त्यात रेनकोट, फ्लीस, लोकरीच्या टोप्या, मोठ्या मुलांना लहान झालेल्या पँटी असतात. जे घेतो ते शिवण तपासून, भिजवून, वाळवून घेतो, म्हणजे एकेक जॅकेट बऱ्याच मुलांच्या अंगावरून जातं. एका माणसानं दोनदा घालून कपाटात कोंडलेल्या महागड्या जॅकेटपेक्षा मला हे जॅकेट जास्त टिकाऊ वाटतं. डोंगर सगळ्यांचा आहे, आणि कपड्यांअभावी कुणी मूल त्यापासून दूर राहू नये. प्रत्येक शाळेनं, प्रत्येक गिर्यारोहण मंडळानं असं एक कपाट ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. जूनमध्ये पालकांना एक पत्र पाठवावं, लहान झालेले पण धड असलेले कपडे मागवावेत, एक शिंपी गाठावा आणि कपाटाची किल्ली मुलांच्याच हाती द्यावी.